पलीकडून बांधलेली भिंत

१

त्या डिसेंबरात माझे दिवस फार छान चालले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल, बाई मुळातच घाबरट असेल. मी घाबरट नाही. जुन्या इमारतींची मोजणी करणं, त्यांचे नकाशे काढणं हे माझं काम. पडक्या, अंधाऱ्या जागांमध्ये माझी निम्मी हयात गेली, आणि तिथं मला वटवाघळं आणि विंचू यांखेरीज आजवर कुणी भेटलेलं नव्हतं.

पुण्यातली नोकरी सोडून मी वाशीमला परत आले ती आई गेल्यावर. खाली बाबांचं कापडाचं दुकान, वर आम्ही दोघं. बाबांचं जेवण सूर्यास्ताच्या आत, आणि माझ्याशिवाय ते घास घ्यायचे नाहीत. त्यामुळे काम कुठंही असलं तरी उन्हं उतरायच्या आत घरी पोचायचं, हा माझा नियम झाला होता.

त्या महिन्यात काम होतं किन्हीराजाच्या पुढं, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही. तिथं एक लहानसं चर्च आहे, काळ्या दगडाचं. मिशनऱ्यांनी दुष्काळाच्या काळात बांधलेलं. चहूबाजूंनी तुरीची शेतं, समोर एक कडुनिंब. गावात ख्रिस्ती घरं आता मोजकीच उरली आहेत. किल्ली असते निताकडे. ती गावातल्याच शाळेत शिक्षिका आहे. छप्पर गळत होतं, फरशी उखडली होती, आणि नाताळची प्रार्थना या वर्षी आतच झाली पाहिजे, असं निताच्या मनानं घेतलं होतं.

रोज सकाळी मी पाटणी चौकातून दिलावरभाईंना गाडीत घ्यायची. दिलावरभाई म्हणजे चुन्याच्या कामातले नावाजलेले मिस्त्री. साठीला आलेले, बारीक अंगाचे, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारे. किन्हीराजाला चहा. तिथं दिलावरभाई चहावाल्याशी साखरेवरून वाद घालायचे. तिथंच मजुरीला येणारी हिरीबाई गाडीत चढायची. चढतानाच तिचं सुरू व्हायचं.

"बसली त सून बोलते, उठली त गुडघे बोलते. कोठी जाव मी, सांगा ताई."

असा आमचा तिघांचा प्रवास. मला तो आवडायचा.

२

वेदीपुढची फरशी काढताना खालून पोकळ आवाज आला. दगडी लादी हलवली तर खाली पायऱ्या.

निताला नवल वाटलं नाही. "आमच्या घरी म्हणतच होते, खाली साहेब लोकं निजले हायत म्हणून. रुचाताई, तुमी करा तुमचं काम. मी काही खाली येत नाही. ते निजले हायत, निजू द्या. मले नाताळाले फरशी पायजे, बस."

बंद तळघर उघडलं की पहिली हवा वाईट असते. आम्ही एक दिवस तसंच उघडं ठेवलं. पण कुबट वास आलाच नाही. आला तो ओल्या चुन्याचा, घराला नुकता रंग दिल्यावर येतो तसा.

खाली विटांचं कमानदार छत असलेली एकच लांबट खोली होती. दोन्ही हातांना भिंतीत मोठाले कोनाडे. प्रत्येक कोनाड्यात एक शवपेटी सरकवून पुढून विटांनी बंद केलेली, आणि विटांवर नावाचा दगड. कुणी साहेब, कुणाची बायको, कुणाचं तान्हं मूल. सगळं नीटनेटकं. समोरच्या टोकाला, म्हणजे वेदीच्या बरोबर खाली, एक दारासारखी कमान होती. तीही विटांनी बंद केलेली, पण तिच्यावर नाव नव्हतं.

मी मोजमाप सुरू केलं. दिलावरभाई छताचा सुटलेला चुना भरू लागले. हिरीबाई माती उचलायची.

खाली फार बरं वाटायचं. बाहेर सकाळी बोचरी थंडी आणि दुपारी ऊन. खाली मात्र सारखीच ऊबदार हवा. मोबाइलला रेंज नाही. शांत. जमिनीखालच्या जागा अशा असतातच, हे मी कितीदा तरी अनुभवलं होतं. म्हणून आम्ही डबेही खालीच खाऊ लागलो, याचं मला काही वाटलं नाही.

काही दिवसांनी एक गोष्ट लक्षात आली. किन्हीराजाहून निघाल्यावर गाडीत कुणी बोलत नव्हतं.

"हिरीबाई, गुडघे कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे हायत."

"आणि सून?"

"चांगली हाय पोरगी." एवढं बोलून ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. चेहऱ्यावर मंद हसू.

दिलावरभाईंनीही चहा मुकाट्यानं पिऊन टाकला होता. चहावाला माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्त्रीची तब्येत बरी नाही का, मॅडम?"

३

समोरची कमान मी शेवटी चितारायला घेतली. गुडघ्यावर फळी, कागद, पेन्सिल. एकेक वीट कागदावर उतरवत गेले आणि माझा हात थांबला.

विटांची भिंत बांधताना मिस्त्री ज्या बाजूला उभा असतो त्या बाजूच्या सांध्यांवरून तो थापी फिरवतो. जादा चुना काढून टाकतो. ती बाजू साफ दिसते. पलीकडच्या बाजूला त्याचा हात पोचत नाही, म्हणून तिकडे चुना सांध्यांतून बाहेर ओघळतो आणि तसाच वाळतो. साहेबांचे कोनाडे आमच्या बाजूनं साफ होते. बरोबरच होतं, बांधणारा इथंच या खोलीत उभा होता.

या कमानीत मात्र चुना आमच्या बाजूला ओघळलेला होता. ओळीनं, दाट, मेणबत्तीच्या मेणासारखा. थापीचा एकही फटकारा नाही.

मी दिलावरभाईंना बोलावलं. त्यांनी बोटानं एक ओघळ चाचपला.

"पलीकडून बांधली," ते म्हणाले.

"मग बांधणारा बाहेर कसा गेला?"

"नसंन गेला." ते अगदी सहज म्हणाले आणि आपल्या कामाकडे वळले.

मी वर आले. चर्चच्या मागं जाऊन पाहिलं. पलीकडे दुसरी वाट असणार, बाहेरून उतरणारी. तसं असलं तर जमीन कुठंतरी खचलेली, दगड वर आलेले दिसायला हवेत. मागं सपाट शेत होतं. तुरीला शेंगा लागल्या होत्या. मी बांधावरून पुष्कळ फिरले, लोखंडी सळई जागोजागी खुपसून पाहिली. सगळीकडे लागली ती काळी माती आणि खाली मुरूम, कुणी कधी न हलवलेला.

असेल, वाट फार आधीच बुजवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. उत्तर पटण्यासारखं होतं. खाली परतल्यावर तर ते पूर्णपणे पटलं.

४

एक गोष्ट मला उशिरानं कळली. खाली असताना मला कशाचंच काही वाटत नव्हतं. भीती वाटायची ती नंतर, तिथून लांब गेल्यावर.

एका दुपारी जेवण झालं होतं. हिरीबाई भांडी घासायला वर गेली. दिलावरभाई हात धुवायला गेले. मी भिंतीला टेकून बसले होते. आई गेल्यापासून रोज दुपारी डबा उघडला की तेच व्हायचं. तिच्या हातचं लिंबाचं लोणचं आठवायचं, आणि घास कडू व्हायचा. त्या दिवशीही आई आठवली. शेवटचे दिवस आठवले, दवाखान्यातला तिचा सुकलेला हात आठवला, आणि मला काहीच दुखलं नाही. एखाद्या परक्या बाईची गोष्ट आठवावी तसं.

तेवढ्यात माझ्या समोरून एक उसासा आला. दुःखाचा नाही. पोटभर जेवल्यावर माणूस पाय पसरून, हात मांडीवर टाकून जसा श्वास सोडतो, तसा. समाधानाचा. तो त्या बंद कमानीमागून आला.

मी ऐकलं. बरं वाटलं. मीही तसाच एक श्वास सोडला आणि वही उघडून कामाला लागले.

दुपार कलताच दिलावरभाईंना घेऊन परत निघाले. मालेगावच्या अलीकडे अचानक तो उसासा पुन्हा ऐकू आल्यासारखा झाला, आणि या वेळी मी घाबरले. मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं, मॅडम?"

"दिलावरभाई, खाली कुणीतरी श्वास घेतला. तुम्ही दोघंही वर होतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. गाडी थांबली होती, शेजारून ट्रक जात होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मात्र अजून तळघरातलीच शांतता होती.

"घेऊ द्या ना," ते म्हणाले. "कोनाचं काय बिघडते?"

त्या दिवशी मी बाबांच्या ताटाशेजारी बसले, पण घास उतरेना. आई आठवली आणि आता दुखलं. इतकं दुखलं की मला हायसं वाटलं.

५

मग मी तीच गोष्ट केली जी माझ्यासारखी माणसं करतात. संशय असेल तर पाहून घ्यायचं. विटांच्या मागं हवा खेळत असेल, वारा फटीतून जाताना आवाज होत असेल. पाहिलं की प्रश्न मिटेल.

दिलावरभाईंनी छिन्नीनं एक वीट अलगद काढली. वीट काढताना ते मिठाईचा पुडा उघडावा तसे हसत होते. भोक डोळ्यांच्या उंचीवर होतं. मी आत डोकावले नाही. का, ते माहीत नाही. मोबाइलचा दिवा लावला, हात आत घातला आणि फोटो काढला.

आत ऊब होती. चुलीजवळ हात धरल्यासारखी.

फोटोत एक लहान खोली दिसत होती. भिंतीलगत दगडी बाकाचं एक टोक. बसून बसून गुळगुळीत झालेलं. जमिनीवर विटांचा एक ढीग, आणि त्याशेजारी चुन्यानं भरलेलं घमेलं. चुन्यावर मोबाइलचा उजेड चमकत होता.

"ओला हाय," दिलावरभाई माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले.

"बंद जागेत चुना वर्षानुवर्षं ओला राहतो," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. भिजवलेला चुना हवाबंद ठेवला तर सुकत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. त्या खोलीत तो चुना कुणी नेऊन ठेवला, हा प्रश्न मी विचारला नाही, आणि त्या वेळी तो मला सुचलाही नाही.

"चांगला माल हाय," दिलावरभाई म्हणाले. "वाया जाऊ नाही."

परतताना मालेगाव जवळ आलं तशी मी भीतीची वाट बघत होते, आणि ती आलीच. मी ठरवून टाकलं. उद्या काम बंद. तळघर बुजवायचं, वर फरशी टाकायची, निताला सांगायचं. दिलावरभाईंना उतरवताना म्हणाले, "उद्या जायचं नाही. मी फोन करते."

"हो," ते म्हणाले. त्यांनी गाडीचं दार हळूच लावलं. रोज ते धाडकन आपटायचे.

६

सकाळी त्यांचा फोन लागेना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. अमीनाबी दारातच उभी होती. दिलावरभाईंची बायको, थोराड अंगाची, गुडघ्यांनी बेजार, पण खणखणीत आवाजाची. माझ्या मागं कुणी नाही हे पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"ते तुमच्यासंग नाही गेले?"

"आज काम बंद ठेवलंय, भाभी."

"मंग हा सकाळीच फटफटी घेऊन कोठी गेला? थापी घेऊन गेला." ती एकदम खाली बसली, पुन्हा उठली. "मॅडम, एक विचारू? तथी काय हाय?"

"का हो?"

"अवं, हा मानूस भांडत नाही माह्याशी. लगन झालं तवापासून एक दिवस बिना भांडनाचा गेला नाही आमचा. आता म्या काही बोललं त हसते. भाजीत मीठ नसलं तरी खाते. आमची पोरगी नमरा सासरहून आली, तिच्या पोराले त्यानं उचललं नाही, नुसतं पाह्यलं. खूश हाय म्हणे. असा खूश मानूस मले नाही पायजे." तिनं दाराची कडी लावली. "मी येते."

"तुमचे गुडघे, भाभी—"

"गुडघे गेले खड्ड्यात. चला."

रस्ताभर ती बोलत होती. नवऱ्याला शिव्या घालत होती, मधेच अल्लाचं नाव घेत होती, मधेच मला विचारत होती की गाडी जरा जोरात नाही का चालत. तिच्या बोलण्याचा मला आधार वाटत होता. तुरीच्या शेतांवर ऊन चढलं होतं. चर्चच्या पायरीवर हिरीबाई बसली होती, आपणहून आलेली, हातात काही काम नाही.

"मिस्त्री खाली हाय," ती म्हणाली. "बरं वाटते त्याले तथी."

७

मी अमीनाबीला पायऱ्यांच्या तोंडाशी थांबवलं. पायऱ्या उंच होत्या, तिला जमल्या नसत्या. "मी त्यांना घेऊन येते," म्हणाले आणि उतरले. खरंच त्यांना घेऊन येण्यासाठीच उतरले होते.

खाली पाय टेकला आणि भीती गेली.

समोरची कमान दिलावरभाईंनी पार खालपर्यंत मोकळी केली होती आणि आता पुन्हा बांधत होते. भिंत छातीपर्यंत आली होती. ते पलीकडे होते. कंदिलासारखा विजेचा दिवा त्यांच्या मागं ठेवला होता, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता. थापीचा आवाज मात्र सुंदर येत होता, एका लयीत. चुना सांध्यांतून माझ्या बाजूला ओघळत होता.

"या, मॅडम," ते म्हणाले. "जागा हाय."

"भाभी आल्यात, दिलावरभाई."

"तिलेही सांगू मंग."

वीट हातात घेतली की तिचं वजन कळतं. जुनी वीट नव्या विटेपेक्षा चपटी असते, कडा झिजलेल्या असतात, हाताला चांगली वाटते. माझ्या पायाशीच ढीग होता. मी एक वीट उचलून त्यांच्या हातात दिली. मग दुसरी. काम कसं छान होत होतं. देणारा देतोय, घेणारा घेतोय. मला वाटलं, आयुष्यात मी नकाशे काढत बसले, असं काही बांधायला हवं होतं. बाबांना सांगायला हवं, आज उशीर होईल. मग वाटलं, कशाला सांगायचं?

वरून आवाज आला.

"नमराचे अब्बा!"

थापी थांबली.

"ओ नमराचे अब्बा! कान फुटले का तुमचे? वर या आधी! घरी गॅस संपला, दूधवाला दारात बोंबलून राह्यला, आन तुमी अथी साहेबाच्या पोटात घुसून बसले? लाज हाय का काही?"

तिच्या रागानं ती खोली जणू आकसली. दिलावरभाई आवाजाकडे वळले, त्यांच्या कोपराचा धक्का दिव्याला लागला, दिवा आडवा झाला आणि त्याचा उजेड बाकावरून सरकत गेला.

मी गुडघे पाहिले. ओळीनं, एकमेकांना लागून बसलेले गुडघे. त्यांच्यावर नीट ठेवलेले हात. त्या सगळ्या हातांच्या नखांत पांढरा चुना होता. पंगतीत उशिरा आलेल्यांसाठी लोक सरकून घेतात, तसं ते सगळे एका बाजूला सरकून बसले होते. एक हात शेजारची रिकामी जागा हळूहळू थोपटत होता.

चेहरे उजेडाच्या वर होते.

पुढचं तुटक आठवतं. पायऱ्यांवर अमीनाबीचं धापा टाकणं, तिचं न थांबणारं बोलणं. भिंत कोसळल्याचा आवाज. नडगीवर आपटलेली वीट. माझ्या मनगटावर तिची घट्ट पकड, आणि तिचा ओरडा, "चला! चला म्हनते ना!" पायऱ्या, त्यानंतर ऊन.

कडुनिंबाखाली दिलावरभाई मातीत बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते.

"काहून काढलं मले?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "काहून काढलं?"

अमीनाबी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि तोंडानं शिव्या देत होती.

८

दुसऱ्या दिवशी निता शाळेतून सुटी घेऊन आली. मी तिला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.

"बुजवायचं?" एवढंच तिनं विचारलं.

"हो."

गावातल्या भाऊसिंगच्या ट्रॅक्टरनं मुरूम आणला. टाकायच्या आधी आत कुणी नाही याची खात्री करायला हवी होती. दिलावरभाई वाशीमला घरी होते, अमीनाबीनं फटफटीच्या दोन्ही किल्ल्या स्वतःकडे ठेवून घेतल्या होत्या. हिरीबाई माझ्या शेजारी घमेलं घेऊन उभी होती आणि गुडघ्यांच्या नावानं बोलत होती. ते ऐकून मला तिला मिठी मारावीशी वाटली. निता पुढं झाली. तिनं माझा हात धरला आणि आम्ही अर्ध्या पायऱ्या उतरून बॅटरीचा झोत टाकला.

कोसळलेल्या विटा जमिनीवर नव्हत्या. कमान बंद होती. खालपासून थेट माथ्यापर्यंत, एकही वीट कमी नाही. सांध्यांतून आमच्या बाजूला चुना ओघळला होता आणि त्याचा एक थेंब, आम्ही बघत असतानाच, हळूच खाली सरकला.

निता ओठ हलवून काही पुटपुटली, बहुधा प्रार्थना. मग मला वर ओढत म्हणाली, "भाऊसिंगले टाक म्हना मुरूम."

माझ्या अहवालात मी लिहिलं: तळघराची कमान धोकादायक अवस्थेत असल्यानं भराव टाकून कायमची बंद केली. ते वाचून कुणी काही विचारलं नाही.

९

नाताळच्या दिवशी चर्च भरलं. किन्हीराजाहून, रिठदहून, थेट वाशीमहून माणसं आली होती. नवी फरशी, पांढऱ्या भिंती, छताला कागदी चांदण्या. निताची बोटं बाजाच्या पेटीवर होती आणि ती इतकी आनंदात होती की दोनदा तिचा सूर चुकला आणि दोन्ही वेळा ती हसली. बाबांनाही मी आणलं होतं. ते मागच्या बाकावर बसून टाळ्यांचा ठेका धरत होते.

फरशी दिलावरभाईंनीच घातली होती. पहिले दोन दिवस ते उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. मग एका सकाळी फरशीवाल्यानं आणलेला दगड त्यांना पसंत पडला नाही, त्याच्याशी त्यांचं जोरदार वाजलं, आणि त्या भरात ते आत शिरून कामाला लागले. खाली काय झालं, त्याबद्दल ते बोलत नाहीत. त्यांना बहुतेक काही आठवतच नाही.

दुपारी अंगणात जेवणं होती. मांडवाखाली ऊन जाळीदार होऊन येत होतं. दिलावरभाई वाढणाऱ्या पोराशी भाजीतल्या मिठावरून वाद घालत होते. अमीनाबी माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती, पाय ताणून.

"भाभी," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही खाली उतरल्या नसत्या तर दिलावरभाईंनी ती भिंत पुरी केली असती."

"यानं?" तिनं घास थांबवला. "हा कोठी भिंत बांधून राह्यला होता?"

"बांधत होते की. मी विटा देत होते."

अमीनाबीनं माझ्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं, आणि आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. तिचा आवाज इतका हलका होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"हा बसला होता, बेटा. बाकावर, भिताडाच्या मांगं. डोये मिटून, हात गुडघ्यावर. आन तुमी त्याच्या बाजूले बसल्या होत्या. तशाच."

"मी बाहेर होते, भाभी."

"नाही. दोघंही आतच होते. भिताड छातीएवढं आलं होतं. ओलं होतं, लात मारली त पडलं."

मांडवात कुणीतरी हसलं. बाबा कुणाला तरी आग्रहानं जिलेबी वाढायला लावत होते.

"मग बांधत कोण होतं?"

"मले नाही माहीत. थापीचा आवाज येऊन राह्यला होता. म्या वर पाह्यलंच नाही. पायाकडं पाहून उतरली, पायाकडं पाहूनच चढली." तिनं पुन्हा आजूबाजूला पाहिलं. "आत हात घालून ओढलं तुमाले. हात लय होते तथी. जे दोन गरम लागले तेवढेच धरले."

मी ताट बाजूला ठेवलं. अमीनाबीनं माझा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला, गरम आहे का पाहावं तसा जरा वेळ धरला, आणि मग होकारार्थी मान हलवून सोडून दिला.

"खा," ती म्हणाली. "थंडं होऊन राह्यलं."